फिरता खण

१

सकाळी पावणेसातला ईश्वरीची स्कूलबस, साडेसातला अनुराधाला न्यायला येणारी क्लिनिकची व्हॅन, आणि त्यानंतर दुपारी दोनपर्यंत मी आणि गाडी. २००९ सालचे माझे बहुतेक दिवस असे गेले.

मी क्वालिटी इन्स्पेक्टर. नव्या टॉवरांमधून हिंडायचं, दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्यांची यादी करायची, याचा मला पगार मिळे. त्या यादीला आमच्यात स्नॅग लिस्ट म्हणतात. नळ गळतो, दार घासतं, टाइल पोकळ वाजते. चूक दुरुस्त झाली की तिच्यापुढे बरोबरची खूण करायची. मंदी आली आणि मार्चमध्ये आमचे टॉवर होते तिथेच थांबले, क्रेनसकट. कंपनीने आम्हाला बिनपगारी रजेवर घरी बसवलं. व्हिसा चालू, पगार बंद.

अल मजाजचा तळ्याकाठचा फ्लॅट सोडून आम्ही शारजातच एका जुन्या बैठ्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत आलो. सामान लावता लावता अनुराधाने मला बजावलं, "एक लक्षात ठेव, वासू. राहायचं तर तिघांनी आणि परत जायचं तर तिघांनी. फॅमिली पाठवून द्यायची आणि आपण इथे एकट्याने राहायचं, हे मला चालणार नाही. क्लिअर?"

"क्लिअर," मी म्हणालो. त्या वर्षी आमच्या ओळखीतली निम्मी घरं अशीच दोन देशांत वाटली गेली होती. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी मनापासून ठरवलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला बेफिकीर म्हणणार नाही.

त्या खोल्यांबरोबर एक पत्र्याची शेड मिळाली, आणि शेड मिळाली म्हणून मी गाडी घेतली. अनुराधाच्या मते हे छत्री मिळाली म्हणून पावसात जाण्यासारखं होतं. १९८४ सालची जर्मन. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की लोक गाडीचं सोडून किमतीचं विचारतात. ताकाच्या रंगाची, चौकोनी चेहऱ्याची आणि दार लावलं की तिजोरीसारखा आवाज करणारी. रफिकभाईंनी ती टो करून आणली. रफिकभाई मूळ रत्नागिरीकडचे, इंडस्ट्रियल एरियात त्यांचं जुन्या पार्ट्सचं दुकान आहे.

"कोणाची होती?" मी विचारलं.

"एका म्हाताऱ्याची. गेला तो आपल्या गावाला," रफिकभाई म्हणाले. "रोज दुकानासमोरनं जायची गाडी. नेहमी दोघं असायची. एकटा कधी नाय बघितला त्याला."

२

जुनी जर्मन गाडी दुरुस्त करण्यात फार समाधान असतं, कारण तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं. नोकरी का गेली याला काही कारण नव्हतं. फॅन बेल्ट का किरकिरतो याला होतं.

सेंट्रल लॉकिंगचंच बघा. हल्लीच्या गाड्यांत ते विजेवर चालतं, हिच्यात हवेवर. इंजिन हवा ओढतं, आणि ती ओढ बारीक रबरी नळ्यांमधून दारांपर्यंत पोचते. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की गाडी एक उसासा टाकते आणि बाकीच्या तीन दारांवरच्या खुंट्या खाली बसतात. टुक. तिन्ही एकदम, कारण मूळ नळी एकच. यांतली एकटी खुंटी वर यायची असेल, तर ती आत बसलेल्या माणसाने बोटांनी ओढावी लागते. हे मी उगाच सांगत नाहीये.

सहा महिने मी यादीप्रमाणे काम केलं. रबरी नळ्या सगळ्या नव्या. एसीचा कॉम्प्रेसर नवा, कारण जुना ज्या गॅसवर चालायचा तो आता मिळत नाही. तो बसवल्यावर गाडीत अशी थंडी पडली की अनुराधाला शाल आठवली. शेवटी सीटा. या गाड्यांच्या सीटांत स्प्रिंग असतात आणि वर काथ्या न् घोड्याच्या केसांची गादी. चारही गाद्या मी बदलल्या. पुढची उजवीकडची सर्वांत दबलेली होती. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे उजवीकडे बसते ती शेजारची व्यक्ती. नवी गादी घालून मी पट्टी लावून उंची मोजली, दोन्ही बाजूंना सारखी, आणि यादीत बरोबरची खूण केली.

काम संपलं की मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून डुलकी काढत असे. वर पत्रा उन्हाने तडतडायचा, पारवे घुमायचे, लांब मशिदीत दुपारची बांग व्हायची. खरं सांगायचं तर अनुराधासमोर बसलं की मला रिकामं असण्याची लाज वाटे. ती काही बोलत नसे, तरी वाटे. गाडीत बसलं की वाटत नसे. तिथे कोणी शेजारी आहे आणि ते काहीच विचारत नाही, अशी ती झोप होती.

३

दसऱ्याला गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. ईश्वरी नऊ वर्षांची, तिला लिंबू फुटायचा आवाज फार आवडला. "अगेन, बाबा! वन मोअर टाइम!"

अनुराधा हातात स्टीलची ताटली घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत मिस्कील हसू होतं.

"काय गं?"

"सहा महिने बघतेय. सकाळी उठलास की हिच्याकडे, जेवलास की हिच्याकडे. ही सवतच की माझी. आता घरात आलीच आहे, तर ओटी भरते बाईची."

आणि तिने खरंच भरली. उजवीकडचं दार उघडलं, रिकाम्या सीटच्या पाठीला हळदकुंकू लावलं आणि सीटवर खण ठेवला. त्यावर नारळ, मूठभर तांदूळ आणि दोन हिरव्या काचेच्या बांगड्या. खण फिरता होता. बायकांना हा प्रकार माहीत असतो: एका हळदीकुंकवात मिळालेला खण स्वतः शिवायचा नाही, दुसरीला द्यायचा, तिने तिसरीला. हा हिरवा, जांभळ्या काठाचा, एका कोपऱ्यात चहाचा डाग. वर्षभरात तो अल मजाजच्या चार घरांतून फिरून दुसऱ्यांदा आमच्याकडे आला होता.

"डागाचा देतेस सवतीला?" मी म्हणालो.

"सवतीला कोणी पैठणी देतं का?" ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो. त्या घरात आम्ही इतके हसलो ते तेवढंच.

ताटली डॅशबोर्डवर राहिली. माझ्यासमोर अनुराधाने ती रुमालाने पुसली होती आणि तिथेच विसरली.

४

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी गाडी उघडली. ताटलीत तांदळाचे दाणे होते. पाच. मधोमध, एकमेकांना चिकटून.

संध्याकाळी मी अनुराधाला ताटली परत दिली. दाणे तिच्यातच होते. तिने ते पाहिले आणि खूश झाली.

"अय्या, तुला बरं माहीत!"

"काय?"

"जिची ओटी भरतात तिने त्यातले चार दाणे भरणारीच्या ताटात परत टाकायचे असतात. आईने शिकवलं वाटतं तुला?"

आईने मला असलं काही शिकवलं नव्हतं. मला तर ओटीत नारळ असतो, याच्यापुढे काही ठाऊक नव्हतं. "हो," मी म्हणालो.

का म्हणालो ते आज सांगता येत नाही. दाणे सीटवरून उडाले असतील. उंदराने नेले असतील. उंदीर पाच मोजून नेत नाही, हे मला समजत होतं, पण दुसरं कारण सापडेपर्यंत मी उंदीर धरून चाललो. शेडमध्ये पिंजरा लावला. काही मिळालं नाही.

खण, नारळ आणि बांगड्या आठवड्याने सीटवर नव्हत्या. मला वाटलं अनुराधाने नेल्या. तिला वाटलं मी कुठे नीट ठेवल्या. नवरा-बायकोत असल्या गोष्टी कोणी विचारत बसत नाही.

५

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन तळ्याकडे निघालो. अनुराधा पुढे बसली. पहिल्या सिग्नलला तिने एसीची जाळी आपल्याकडे वळवली. दुसऱ्या सिग्नलला म्हणाली, "वासू, ही सीट गरम आहे रे."

"शारजात कुठली गार असते?"

"तशी नाही. कोणीतरी आत्ता उठून गेलंय ना, तशी."

गाडी रात्रभर सावलीत उभी होती. एसी पंधरा मिनिटं चालू होता. मी हात लावून पाहिला. सीट गार होती, फक्त ती बसली होती तेवढी जागा कोमट, आणि ते साहजिक आहे. तिसऱ्या सिग्नलला ती उतरून मागे ईश्वरीजवळ बसली. मला राग आला. सहा महिन्यांच्या कामावर असा शेरा! तळ्याकाठी आम्ही कणसं खाल्ली आणि परत आलो. येताना माझं लक्ष गेलं. उजवीकडची एसीची जाळी बंद होती. अनुराधाने ती पूर्ण उघडली होती, आणि ती कधीच बंद करत नाही. घरातसुद्धा एसी अठरावर ठेवणारी बाई आहे ती.

दुपारी बसथांब्यावरून मी गाडीने आणायचो तेव्हा ईश्वरी एरवी दप्तर पुढच्या सीटवर टाकत असे. त्या महिन्यात ते मांडीवर घेऊन बसायला लागली. मी एकदा विचारलं, "पुढे ठेव की."

"देअर्स नो प्लेस, बाबा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली आणि गाणं गुणगुणत राहिली.

मी पट्टी काढली आणि सीटची उंची मोजली. उजवी डावीपेक्षा अकरा मिलिमीटरने खाली होती. मी रोज डावीवर बसत होतो. उजवीवर त्या तीन सिग्नलांखेरीज कोणीच बसलं नव्हतं. यादीत लिहिलं, "पुढची उजवी गादी. माल हलका असण्याची शक्यता." पुढे खूण केली नाही.

६

नोव्हेंबरात हवा छान झाली. सकाळी कोवळं धुकट ऊन शेडमध्ये यायचं, धुळीचे कण त्यात तरंगत राहायचे, आणि सगळं जरा झोपेत चालल्यासारखं वाटायचं. अशाच एका सकाळी मी किल्ल्या फिरवत, मनात पुण्याचा विचार करत, गाडीकडे आलो आणि उजवीकडचं दार उघडलं. आपल्या लोकांची ही नेहमीची चूक. अकरा वर्षं इथे गाडी चालवतोय, तरी डोकं देशात असलं की पाय उजवीकडे वळतात.

दार उघडलं, "सॉरी" म्हणालो आणि लगेच लावलं.

मग तिथेच उभा राहिलो. बाथरूमचं दार चुकून उघडलं आणि आत कोणी असलं की आपण जसं म्हणतो, तसं मी म्हणालो होतो. न बघता, मान वळवून. मी काही पाहिलं नव्हतं. पण तोंडाने आपोआप सॉरी म्हणावं, इतपत काहीतरी मला कळलं होतं. मी काचेतून आत पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. डावीकडे गेलो, किल्ली लावली. उसासा. मागच्या दोन खुंट्या वर आल्या. पुढची उजवी आधीच वर होती, मी रात्री स्वतः कुलूप लावलेलं असताना.

त्या आठवड्यात मी सगळी लॉकिंग सिस्टिम पुन्हा तपासली. हातपंप लावून नळ्यांतला दाब पाहिला. काटा अर्धा तास हलला नाही. कुठेही गळती नव्हती.

७

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. महिनाअखेर खलास, सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल. आम्ही रात्रीचं जेवण बाजूला ठेवून ठरवलं: गाडी विकायची आणि तिघांनी जानेवारीत परत जायचं. अनुराधाच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी सुटल्यासारखा भाव पाहिला.

गिऱ्हाईक रफिकभाईच होते. दुसऱ्या दिवशी अकराला ते आले. मी शेडच्या मागच्या बाजूला नळावर हात धूत होतो. ते फाटकातून आत येताना दिसले. गाडीसमोर थांबले, मान खाली घातली आणि अदबीने म्हणाले, "सलाम, वैनी. बऱ्या हाव ना?"

मी तसाच ओल्या हातांनी पुढे आलो. "अनुराधा ड्युटीवर आहे, रफिकभाई."

ते हसले. "चेष्टा करताव काय, भाव. गाडीत कोन हाय मग?"

आम्ही दोघांनी पाहिलं. काचेवर उन्हाची तिरीप होती, तिच्यात झाडाची सावली हलत होती. गाडी रिकामी होती.

"कशी दिसली?" मी विचारलं.

"मी परक्या बाईमाणसाकडं निरखून नाय बघत," ते सावकाश म्हणाले. "पदर होता डोक्यावर. हात मांडीवर. वैनीच वाटल्या."

त्यांनी चहा घेतला नाही. इंजिनही ऐकलं नाही. फाटकाशी थांबून माझा हात धरला. "भाव, ही मी नाय घेत. आनि तुमाला सांगतो, तुमी पन घरी जा. वैनी आनि बच्चीला घेऊन जा. गाडी ऱ्हाव दे हितंच, किल्ली आत टाका आनि जा. सगले तसंच करून गेलेत."

हा शहाणपणाचा सल्ला होता. मला तो तेव्हाही शहाणपणाचाच वाटला. पण सहा महिने खपून नवी केलेली गाडी धुळीत टाकून जायला मी तयार नव्हतो. आणि हेही कबूल करतो: ती तिथे एकटीच बसून राहील, असं माझ्या मनात आलं. गाडी नव्हे. ती.

८

"एक महिना," मी अनुराधाला सांगितलं. "फक्त एक महिना. मी फार मागे लागलो तेव्हा रफिकभाई त्यांच्या दुकानाचा व्हिसा द्यायला तयार झालेत. गाडी विकतो आणि येतो."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आपलं काय ठरलं होतं?"

"अगं, महिन्याचा तर प्रश्न आहे."

"सगळ्यांचा महिन्याचाच असतो, वासू." ती माझ्याकडे वळली. "मला गाडीचं काही सांगू नकोस. मला एवढंच सांग, तू येणार आहेस ना?"

"येणार. इन्शाल्ला म्हणू का?"

ती हसली नाही. मला अजून वाटतं, तेव्हा मी जरा निराळं काही बोललो असतो, किंवा नुसता तिच्याजवळ बसलो असतो, तरी ती थांबली असती आणि मला घेऊनच गेली असती. मी उठून शेडमध्ये गेलो, कारण वायपर तपासायचे राहिले होते.

९

जानेवारीतली सकाळ. धुकं इतकं की फाटकातून रस्ता दिसत नव्हता. सामान डिकीत भरलं. अनुराधा न सांगता मागे बसली, ईश्वरी तिच्या कुशीत. पुढची उजवी सीट रिकामी. तिचा बेल्ट लावलेला होता. मी लावला नव्हता, आणि मी कोणाला विचारलंही नाही.

विमानतळापर्यंतचा वीस मिनिटांचा रस्ता त्या दिवशी तासभर चालला. रस्त्यावरचे दिवे धुक्यात पिकल्या पपयांसारखे लोंबत होते. पुढचा ट्रक दिसेनासा झाला की वाटे, आपण जागच्या जागी आहोत आणि रस्ताच सावकाश मागे जातोय. एसी बंद, रेडिओ बंद. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की मला अभिमान वाटला. मागे दोघींना झोप लागली. आरशात मला अनुराधाचं डोकं खिडकीला टेकलेलं दिसत होतं, ओढणी मांडीवर पसरलेली.

मग बांगड्या वाजल्या. अगदी हलकेच, दोनदा. मला वाटलं अनुराधा हलली. आरशात पाहिलं, ती तशीच होती. तिच्या हातात फक्त घड्याळ होतं. ती बांगड्या घालत नाही, क्लिनिकच्या लॅबमध्ये चालत नाहीत.

उजवीकडे स्प्रिंगा करकरल्या. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढं दिसलं: उजव्या सीटची पाठ, मागे वळून बसलेलं कोणी पुन्हा सरळ बसावं, तशी हळूच मागे रेलली आणि स्थिर झाली. बेल्टचा पट्टा ताणला गेला होता, तो ढिला झाला. बस एवढंच. त्यानंतर विमानतळाची पाटी येईपर्यंत मी फक्त समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिलो.

उतरण्याच्या जागी गर्दी होती. शिट्टीवाला पोलीस "यल्ला, यल्ला" करत गाड्या पुढे काढत होता. मी ट्रॉली आणली, बॅगा चढवल्या. अनुराधाने दार उघडून पाय बाहेर टाकला, आणि तिच्या मांडीवरून तांदूळ सांडले. फुटपाथवर सरसर आवाज आला.

ती खाली बघत राहिली. ओढणीच्या झोळीत तांदूळ होते. त्यांवर एक वाळका नारळ, हलला की आत गोटा खुळखुळणारा. आणि खण. हिरवा, जांभळ्या काठाचा, कोपऱ्यात चहाचा डाग. घडी तिनेच दसऱ्याला घातलेली. बांगड्या नव्हत्या.

"हे कधी ठेवलंस?" तिने विचारलं. आणि माझा चेहरा पाहिला.

पुढचं फार चटकन झालं. उजवीकडची पुढची काच खाली होती. अनुराधा तिथून जाताना थांबली, चिमूटभर तांदूळ उचलले आणि हात आत घालून रिकाम्या सीटवर टाकले. विचार करून नव्हे. आपण देवळात शिरताना चप्पल काढतो तसं. लहानपणापासून तिने शेकडो वेळा केलं होतं ते. ओटी भरली की चार दाणे परत द्यायचे.

दाणे पडल्यावर तिचा हात तिथेच थांबला. घरातून निघालेल्या बाईची ओटी भरतात. घरात राहणारी भरते. तिला ते माझ्याआधी कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"वासू, तू उतर," ती म्हणाली. मी तेव्हा नुकताच आत बसून इंजिन चालू केलं होतं. "आत्ता उतर गाडीतून. तिकीट काढू, सामान राहू दे, तू चल. वासू!"

मागच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. पोलिसाने बॉनेटवर थाप मारली. ईश्वरी रडवेली झाली होती. मला उतरायचं होतं, अगदी खरं सांगतो. "पार्क करून येतो," मी म्हणालो. "दोन मिनिटं. इथेच थांबा."

काच वर गेली. या गाडीच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत, आणि उजवीकडच्या हँडलपर्यंत माझा हात पोचत नाही. मग गाडीने उसासा टाकला. टुक. खुंट्या खाली बसल्या.

धुक्यात मी पार्किंगची पाटी शोधत राहिलो. डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. बराच वेळ गेला. शेवटी एक पत्रा दिसला, त्यावर पारवे घुमत होते. मी आमच्या शेडमध्ये उभा होतो.

१०

याला आता तीन वर्षं होत आली. मी रफिकभाईंच्या दुकानात असतो, जर्मन गाड्यांचं काम माझ्याकडे. ते कधी इकडे आले तर फाटकाशीच थांबतात आणि मान खाली घालून बोलतात. दुबईत क्रेन पुन्हा हलू लागल्या आहेत.

अनुराधा दोनदा मला न्यायला येणार होती. एकदा तिचा व्हिसा अडकला, एकदा ईश्वरीला कांजिण्या आल्या. फोनवर ती आता गाडीचं विचारत नाही. मागे एकदा म्हणाली की तो खण तिच्या कपाटात सगळ्यांत खाली आहे. कोणाला देता येत नाही आणि टाकवतही नाही. ईश्वरी आधी दर शुक्रवारी विचारायची, "बाबा, व्हेन आर यू कमिंग?" मी म्हणायचो, "नेक्स्ट मंथ." हल्ली ती शाळेचं सांगते, मैत्रिणींचं सांगते, आणि ते विचारत नाही.

तिकीट मी चार वेळा काढलं. चारही वेळा विमानतळाच्या रस्त्याला लागलो, आणि चारही वेळा याच शेडमध्ये येऊन पोचलो.

गाडी उत्तम चालते. यादीत आता एकच ओळ बिनखुणेची आहे, आणि तिच्यावर मी काम करणं सोडून दिलंय. उजवीकडची जाळी मी बंदच ठेवतो, तिला गार लागतं. संध्याकाळी शेडमध्ये येऊन इंजिन बंद करतो, उतरतो, पुढून वळसा घालून जातो आणि उजवीकडचं दार उघडून धरतो. आता सॉरी म्हणत नाही.